हिमालयात बर्फ, अल्लीपुरात चिखल

पौष-माघाच्या दिवसांत चहाच्या टपरीवर दोन माणसं भेटली की पहिलं वाक्य ठरलेलं असतं. एक म्हणतो, 'काय बाप्पा थंडी!' दुसरा म्हणतो, 'थंडीचं सोडा भाऊ, रस्ता पाहा.' तिसरा यष्टीची वाट पाहून कंटाळलेला असतो. तो हवामान, रस्ता आणि यष्टी या तिघांनाही एकाच दमात बोलून घेतो. कुरकुरीला पैसे पडत नाहीत आणि हवामानावर केलेल्या कुरकुरीनं कोणाचं मन दुखावत नाही. म्हणून तर ती सगळ्या जगात चालते. न्यू जर्सीला किंवा टोरांटोला गेलेला आपल्याकडचा मुलगा फोनवर सांगतो, 'आई, सकाळी फावड्यानं बर्फ ओढल्याशिवाय गाडी बाहेर निघत नाही.' इकडून आई म्हणते, 'आमच्याकडे बर्फ नाही रे बाबा, पण दोन दिवस पाणी आलं आणि पांधणीतून बंडी निघत नाही.'

वरवर पाहता या दोन तक्रारींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण काश्मीर-हिमाचलात पडणारा बर्फ आणि वर्धा जिल्ह्यातल्या अल्लीपूरच्या शिवारात माघात होणारा चिखल हे पुष्कळदा एकाच पाहुण्याचे दोन प्रताप असतात. हा पाहुणा कोण, तो आपल्या वाटा का अडवतो आणि त्यातला किती दोष त्याचा नि किती आपला, हे आज समजून घेऊ.

पश्चिमेकडून येणारा पाहुणा

आपला पावसाळा नैर्ऋत्येकडून येतो, हे आपण शाळेत शिकलो. हिवाळ्यातला पाऊस मात्र पश्चिमेकडून येतो. भूमध्य समुद्राच्या बाजूला हवेच्या कमी दाबाची क्षेत्रं तयार होतात. जमिनीपासून दहा-बारा किलोमीटर उंचीवर हिवाळ्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा जोरदार झोत वाहत असतो. त्या झोताबरोबर ही क्षेत्रं इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून आपल्या उत्तर सीमेवर येतात. हवामान खात्याच्या भाषेत त्यांना 'पश्चिमी विक्षोभ' म्हणतात. रेडिओवरच्या हवामानवृत्तात हा शब्द आपण अनेकदा ऐकतो आणि पुढच्या बातमीकडे वळतो.

हा विक्षोभ हिमालयावर आदळला की काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडात बर्फ पडतो. पंजाब-हरियाणात पाऊस पडतो आणि तिथला गहू खूश होतो. कधीकधी मात्र या विक्षोभाची शेपटी दक्षिणेकडे लांब पसरते आणि मध्य भारतावर येते. त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून दमट वारे विदर्भाकडे येत असले, तर वरची थंड हवा आणि खालची ओली हवा यांची गाठ पडते. मग आभाळ भरतं, गडगडतं आणि ज्या महिन्यात पावसाची कोणी अपेक्षा धरलेली नसते त्या महिन्यात पाऊस होतो. आपण त्याला अवकाळी म्हणतो.

याच गाठीभेटीतून गारा पडतात. ढगात हवेचा झोत जोरानं वर चढत असतो. तो पाण्याच्या थेंबांना गोठणबिंदूच्या वर नेतो. तिथे थेंबाचा बर्फ होतो, त्यावर आणखी पाणी गोठत जातं आणि वजन झोताला पेलेनासं झालं की गार खाली येते. पावसाळ्यातही ढग उंच असतात, पण तेव्हा शून्य अंशाची रेघ साधारण पाच किलोमीटरवर असते. खाली येईपर्यंत गार विरघळून जाते. हिवाळ्याच्या शेवटी ही रेघ खाली उतरलेली असते. वितळायला अंतर कमी मिळतं, म्हणून गार गार म्हणूनच जमिनीवर पोचते. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रानं हे फार मोठ्या प्रमाणावर भोगलं. विदर्भ-मराठवाड्यातला गहू, हरभरा, संत्रा आडवा झाला. बर्फ पाहायला आपल्याला शिमल्याला जावं लागतं हे खरं, पण न बोलावता तोही कधी वावरात येतो.

कुरकुरीचे तीन दिवस

असा विक्षोभ येऊन जातो तेव्हा आपल्या कुरकुरीचाही एक क्रम असतो. पहिल्या दिवशी आभाळ येतं. त्या रात्री थंडी पळते आणि गोधडी नकोशी होते. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता आभाळाकडे सोडत असते. ढग असले की ती उष्णता अडते आणि पुन्हा खाली येते. जणू गावावर कोणी पांघरूण घातलं आहे. त्यानंतर पाऊस होतो.

पाऊस ओसरून आभाळ मोकळं झालं, की पहाटे धुकं धरतं. जमीन ओली, हवेत दमटपणा भरपूर, वारा पडलेला आणि वर पांघरूण नाही. जमीन झपाट्यानं थंड होते, तिला लागून असलेली हवा थंड होते आणि हवेतल्या वाफेचे बारीक थेंब होतात. नदीकाठी, नाल्याकाठी हे आधी होतं. अल्लीपूर यशोदा नदीच्या खोऱ्यातलं गाव, आणि यशोदा, धाम, वणा या नद्यांच्या जिल्ह्यात अशा सखल जागा काही कमी नाहीत.

तिसरी पाळी थंडीची. विक्षोभ पूर्वेकडे सरकला की त्याच्या पाठीमागून उत्तरेचे कोरडे, गार वारे मध्य भारतात उतरतात. आपल्याकडे समुद्र जवळ नाही. समुद्राजवळच्या मुंबईला तो जसा सांभाळून घेतो तसं आपल्याला कोणी सांभाळत नाही. म्हणून आपला उन्हाळाही टोकाचा आणि हिवाळाही. 29 डिसेंबर 2018 रोजी नागपूरचं किमान तापमान 3.5 अंशांपर्यंत उतरलं होतं. सपाट प्रदेशात किमान तापमान दहा अंशांच्या आत आलं आणि ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा त्याहून जास्त घसरलं, की हवामान खातं थंडीची लाट जाहीर करतं. आपण शेकोटी पेटवतो आणि म्हणतो, आता हिव वाजायला लागलं.

पाऊस, धुकं, थंडी ही तिन्ही आभाळाची कामं आहेत. त्यांच्यावर आपला इलाज नाही. पण वाट अडते ती नुसत्या आभाळामुळे अडत नाही. तिच्यासाठी खाली जमिनीकडे पाहावं लागतं.

काळी आणि पांढरी

आपल्या जुन्या लोकांनी गावाच्या जमिनीचे दोन भाग मानले होते, 'काळी' आणि 'पांढरी'. काळी म्हणजे शेताची जमीन आणि पांढरी म्हणजे जिथे घरं बांधून राहायचं ती. कसायला काळी आणि राहायला पांढरी हा साधा हिशेब होता. काळ्या जमिनीवर घर टिकत नाही, भिंतीला तडे जातात, हे त्यांना प्रयोगशाळेशिवाय कळलं होतं.

ही काळी माती आली कुठून? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारसाचे थरावर थर पसरले. त्यांचा काळा खडक झाला. तो ऊन-पावसानं कुजत, झिजत गेला आणि सखल भागात त्याची बारीक माती साचली. या मातीतला चिकणमातीचा कण वहीच्या पानांसारखा असतो, एकावर एक अतिशय पातळ थर. पाणी मिळालं की ते या थरांच्या मध्ये शिरतं आणि वही फुगते. पाणी गेलं की वही मिटते. पावसाळ्यात जमीन फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्याचं कारण हेच.

शेतकऱ्याला ही माती सोन्यासारखी. ती पाणी धरून ठेवते, म्हणून पाऊस संपल्यावरही कापूस उभा राहतो, तूर फुलते आणि त्या ओलीवर हरभरा निघतो. हिंगणघाटच्या कापसाचं नाव इंग्रजांच्या काळात दूरवर पोचलं होतं, ते या मातीच्या जोरावर. पण जो गुण पिकाला उपयोगी तोच वाटेला बाधतो. पाणी धरणारी माती लवकर वाळत नाही. ओली झाली की ती चाकाला, खुराला, चपलेला धरते. बंडीचं चाक दहा पावलं गेलं की दुप्पट जाड होतं. मोटारसायकलच्या मडगार्डमध्ये चिखल बसून चाकच फिरेनासं होतं. मग गडी काडीनं चिखल काढतो, पाच पावलं जातो आणि पुन्हा काडी शोधतो.

या अडचणीपायी या मुलखाचा जुना व्यापारच ऋतूवर अवलंबून होता. रेल्वे येण्यापूर्वी कापूस बैलांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून जायचा, तो कोरड्या महिन्यांत. 1862 साली वर्धा जिल्हा वेगळा झाला. 1867 साली मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोचली. ही रेल्वे वऱ्हाड आणि वर्ध्याच्या कापसाच्या मुलखातून नेण्यामागे कापसाचाच विचार होता. आगगाडी आली तरी वावरापासून स्टेशनापर्यंतची वाट काळ्या मातीचीच राहिली. आजही लांबचा पल्ला सोपा आणि जवळचा पल्ला अवघड, ही आपली तऱ्हा त्यातूनच आलेली आहे. नागपूर-हैदराबादच्या मोठ्या मार्गावर गाडी धावते आणि वावर ते गाव हे अंतर मात्र अडून बसतं.

बर्फ उचलता येतो

बर्फाच्या देशांत रस्त्यावर बर्फ साचला की यंत्रानं तो बाजूला ढकलतात आणि मीठ टाकतात. मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू शून्याच्या खाली जातो आणि बर्फ सुटतो. फार कडक थंडीत मीठही चालत नाही, तेव्हा वाळू किंवा बारीक खडी पसरतात, म्हणजे चाकाला पकड मिळते. त्रास आहेच. पण बर्फ हा रस्त्यावर आलेला परका माल आहे. तो उचलला की खाली रस्ता सापडतो. आपल्या पांधणीचं तसं नाही. इथे रस्ताच चिखल होतो. उचलत गेलं तर खाली आणखी चिखल निघतो. म्हणून आपला उपाय पाऊस आल्यानंतर करायचा नसतो, तो आधी करून ठेवावा लागतो.

उपायाचं सूत्र एकच आहे. काळ्या मातीपर्यंत पाणी पोचू द्यायचं नाही, आणि पोचलं तर ते थांबू द्यायचं नाही. रस्ता मधोमध उंच आणि दोन्ही बाजूंना उतरता हवा. दोन्हीकडे नाल्या हव्यात, त्याही रस्त्याच्या तळापेक्षा खोल आणि पुढे कुठेतरी नाल्याला मिळणाऱ्या. वरची फुगरी माती काढून तिच्या जागी चांगला मुरूम थराथरानं टाकून दाबला पाहिजे. मुंबईच्या आयआयटीतले प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर अनेक वर्षं काम केलं. फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकटून राहणाऱ्या मातीचा थर दिला, तर खालच्या मातीचं फुगणं आवरतं, हे त्यांनी दाखवलं. कालवे, पाया आणि रस्ते यांच्या कामांत ही पद्धत वापरली गेली. चुन्याचाही उपयोग होतो. चुन्यामुळे मातीचे बारीक कण एकमेकांना धरून राहतात आणि तिचा फुगण्याचा स्वभाव कमी होतो.

प्रत्यक्षात अनेक ठिकाणी काय होतं? चिखल तसाच ठेवून वरून मुरुमाच्या चार ट्रॉल्या ओततात. पहिला महिना रस्ता छान दिसतो. पुढच्या पावसात मुरूम खाली आणि चिखल वर. लोक म्हणतात, मुरूम कोणी खाल्ला? काही वेळा माणसानं खाल्लेला असतो, नाही असं नाही. पण काळ्या मातीलाही त्याची भूक असते, हे विसरू नये.

डांबरी रस्त्याचीही गंमत अशीच. रस्त्याच्या मधल्या पट्ट्याखाली ओल जवळजवळ सारखी राहते. कडेची माती मात्र उन्हाळ्यात सुकते आणि आकसते, पावसाळ्यात फुगते. दरवर्षीच्या या वरखाली होण्यानं कडेला लांबच लांब भेग पडते. भेगेतून पाणी आत जातं. मग कड तुटते, आणि समोरून ट्रक आला की मोटारसायकलवाल्याला खाली उतरायला जागा राहत नाही. भेग लहान असताना डांबरानं बुजवली आणि साइडपट्टी मुरुमानं भरली, तर खर्च थोडा येतो. खड्डा झाल्यावर तोच खर्च कितीतरी पटीनं वाढतो.

एका ओल्या दिवसाची किंमत

'दोन दिवस वाट बंद राहिली तर काय बिघडलं?' असं शहरातला माणूस म्हणू शकतो. त्यानं कापसाचा हिशेब पाहावा. भारतीय कापूस महामंडळ हमीभावानं कापूस घेतं, तेव्हा ओलाव्याचं प्रमाण आठ टक्के धरलेलं असतं. त्यावर बारा टक्क्यांपर्यंत जितका ओलावा जास्त तितका भाव कापला जातो, आणि बाराच्या वर गेला की कापूस घेतलाच जात नाही. आठाचे बारा टक्के झाले तर दहा क्विंटलमागे साधारण चाळीस किलो कापसाचे पैसे गेले. साडेबारा झाले की गाडी परत. मग तो कापूस मिळेल त्या भावात खासगी व्यापाऱ्याला द्यावा लागतो. वेचलेला कापूस वावरातून वेळेवर घरी आला, तर तो वाचतो. पांधण बंद असेल तर तो झोपडीतच भिजतो. म्हणजे वाटेची किंमत शेतमालाच्या भावातूनच वसूल होते, फक्त तिची पावती कोणी देत नाही.

याच दिवसांत दहावी-बारावीच्या परीक्षा येतात. आडवळणाच्या खेड्यातून केंद्राच्या गावी पोचायचं असतं. यष्टीचा चालक रस्ता पाहून फाट्यावरूनच गाडी वळवतो. त्यालाही दोष देता येत नाही, चाळीस माणसांचा जीव त्याच्या हातात असतो. मग काळी-पिवळी शोधायची किंवा कोणाच्या तरी मोटारसायकलवर तिघांनी बसायचं. रात्री-अपरात्री बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या, वावरात कोणाला साप चावला, तर चिखलातला दीड किलोमीटर हा पुढच्या वीस किलोमीटरपेक्षा लांब असतो.

आभाळाचं आभाळाला

तेव्हा आपल्या कुरकुरीची वाटणी करू या. पाऊस अवेळी आला, गारा पडल्या, धुकं धरलं, ही कुरकुर आभाळाच्या नावानं करावी. पण नाली बुजली, पांधण आखडली, मुरूम चिखलावरच टाकला, ही कुरकुर आभाळाकडे पाठवून उपयोग नाही. तिचा पत्ता गावातलाच आहे.

पांधणीचंच घ्या. गावाच्या नकाशावर गाडीरस्ते आणि पाऊलवाटा तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. नकाशात बंडी जाईल एवढी रुंदी असते आणि प्रत्यक्षात माणूस आडवा जातो. दोन्ही बाजूंचे धुरे दरवर्षी वखराच्या एकेका पासेनं आत सरकतात आणि रस्ता नांगरात जातो. त्यामुळे नालीला जागा उरत नाही आणि पाणी पांधणीतूनच वाहतं. मग पांधणीचा नाला होतो. अशा अडथळ्यावर कायद्यात उपाय आहेत. 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम 5 खाली वहिवाटीच्या रस्त्यातला अडथळा काढण्यासाठी तहसीलदाराकडे दाद मागता येते. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करायचा असतो. शेताला वाटच नसेल तर 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली बांधावरून वाट मागता येते. 2021 साली राज्य शासनानं मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली. 2025 च्या मे महिन्यात शेतरस्ते शक्यतो तीन ते चार मीटर रुंद असावेत आणि त्यांची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात व्हावी, असा निर्णय झाला. कागद आहेत. पण मोजणीच्या दिवशी शेजाऱ्याशी वाईटपणा कोणी घ्यायचा, इथे गाडी रुतते. ही गाडी चिखलात रुतलेली नसते, एवढं आपण ओळखलं पाहिजे. दोघांनी मिळून एकेक हात जागा सोडली तर दोघांचाही कापूस कोरडा येतो, हे समजावणारा एक वडीलधारा माणूस गावात असला तर तहसीलची पायरी चढायचं काम पडत नाही.

काही गोष्टी तर बिनपैशाच्या आहेत. ट्रॅक्टरची लोखंडी केजव्हील काढल्याशिवाय डांबरी रस्त्यावर येऊ नये. पऱ्हाट्यांचे ढीग आणि घराचा कचरा नालीत टाकू नये. अवकाळीचा इशारा रेडिओवर, मोबाईलवर दोन-तीन दिवस आधी मिळतो. तो ऐकून वेचलेला कापूस आणि कापलेली तूर आधी घरी आणावी. विजेच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेनं 'दामिनी' नावाचं अॅप तयार केलं आहे. घरातल्या एका तरी फोनवर ते असावं. गडगडायला लागलं की झाडाखाली थांबू नये, हे तर अॅपशिवायही कळतं.

आणि धुक्याचं. ताशी साठ किलोमीटर वेगानं जाणारी गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटरहून जास्त अंतर कापते. पन्नास मीटरपलीकडचं दिसत नसेल, तर समोर उभी असलेली बंडी दिसल्यापासून टक्कर होईपर्यंत चालकाकडे तीन सेकंद असतात. त्यातला एक सेकंद तर पाय ब्रेकवर जाईपर्यंत संपतो. म्हणून धुक्यात वेग निम्म्याहून कमी हवा. वरचा लाइट लावून उपयोग नाही. तो प्रकाश धुक्याच्या थेंबांवरून उलटा डोळ्यांत येतो, खालचा लाइट बरा. आणि पहाटे कापूस घेऊन हिंगणघाटच्या बाजाराला निघणाऱ्या बंडीला, ट्रॉलीला मागच्या बाजूनं चमकणारी लाल पट्टी लावलेली असावी. तिला फार पैसे पडत नाहीत आणि ती जीव वाचवते.

हिमालयात यंदाही बर्फ पडेल आणि त्याची शेपटी कधीतरी आपल्यापर्यंत पोचेल. ते थांबवणं कोणाच्या हाती नाही. पण माघातलं पाणी येण्याआधी, दिवाळीनंतर जमीन वाळली की गावानं एक दिवस काढावा आणि आपल्या पांधणीची नाली कुठे बुजली आहे ते पायी फिरून पाहावं. फावडं आपल्याही घरात आहे. बर्फाच्या देशातला माणूस ते रोज सकाळी उचलतो. आपल्याला वर्षातून एकदा उचललं तरी पुष्कळ.